एकतीस एप्रिल

वाळपईच्या कॉलेजात खिडकी क्रमांक दोन माझी.
बावीस वर्षं.
पदवी इथूनच जाते, जाळीखालच्या फटीतून,
पोदेराने पाव सरकवावा तशी.

आधी रजिस्टर.
‘वाचून घेतले, बरोबर आहे’ असं छापलेल्या रकान्यात सही.
मुलं सही करतात, खांद्याने कानाला फोन दाबून,
शाई वाळायच्या आत दाखला पिशवीत.

त्या वर्षी दोनशे चौदा दाखले आले म्हापशाच्या छापखान्यातून.
प्राचार्यांनी एका बैठकीत सह्या केल्या.
मी शिक्के मारले, मनगट दुखेपर्यंत.
एकशे नव्वद वाटून झाले.
गणितातला पहिला घेऊन गेला.
कॉमर्सची ती, जिला बँकेत लगेच लागली, तीही.
वादविवादात मडगावहून ढाल आणणाऱ्याने तर फोटो काढून टाकला
आणि सगळ्या तालुक्याने त्याला अंगठा दाखवला.

मग सानिशा माजीक आली. करंझोळची.
विषय इतिहास. दोनदा नापास, तिसऱ्यांदा कशीबशी.
केसांना काजूच्या भट्टीचा धूर.
सही करेना.
ओळीवर बोट ठेवून वाचत होती,
दुसरीतल्या पोरासारखी, ओठ हलवत.
मागे रांग चुळबुळत होती,
साडेबाराची कदंबा सुटायला आलेली.
मी म्हटलं, “आटप गो.”

तिने मूठ वळली.
मला वाटलं, रागावली.
ती बोटांची हाडं मोजत होती:
जानेवारी उंचावर, फेब्रुवारी खाचेत,
मार्च उंचावर...
“मॅडम,” हळूच म्हणाली, “एप्रिलाक तीसूच दीस न्हय?”

निकालाची तारीख: एकतीस एप्रिल.

रांग हसली. आधी तिला.
मग हसू मध्येच कुठेतरी अडकलं.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
तारीख हलली नाही.

खरं सांगते, ‘छापखान्याची चूक’ जिभेवर आलंच होतं.
ते कायम तयार असतं, शिक्क्याच्या पॅडसारखं उघडं.
पण ती बघत होती माझ्याकडे,
जिंकल्यासारखी नव्हे,
हिशेब जुळेना की घरच्या माणसाकडे बघतात तशी.
“माझं चुकलं,” मी म्हटलं.
बावीस वर्षांत त्या फटीतून
हे शब्द पहिल्यांदाच बाहेर गेले.

तुला कसं कळलं, विचारलं.
म्हणाली, बागेतल्या बायांची रोजी मीच लिहिते.
एप्रिलात एकतीस घातले
तर बाया खूश, बाबा बोंब मारील.

तिलाच म्हटलं, एक अर्ज लिहून दे.
चार ओळी लिहिल्या:
काय चुकलं, कुठे, किती जणांचं, आता काय करावं.
‘सविनय’ नाही, ‘कृपावंत व्हावे’ नाही.
प्राचार्यांनी दोनदा वाचला.
“ही मुलगी कुठल्या विषयाची?”
मी सांगितलं. ते गप्प.

एकशे नव्वद फोन.
ती यादी वाचत होती, मी नंबर लावत होते.
चौघांनी विचारलं, चूक काय होती?
बाकीचे म्हणाले, नवा कधी मिळेल?
तिची बस केव्हाच गेली होती.
डब्यातला भात आणि सुंगटांची किसमूर
आम्ही अर्धी अर्धी खाल्ली,
गणितातला पहिला फोन उचलेना म्हणून थांबलो असताना.

मी स्वतः बारावी.
पदवी माझ्या हातातून जाते, हातात राहत नाही.
पोरांनी इतकी वर्षं बसून नक्की काय शिकावं,
ते ठरवायला वरच्या मजल्यावर कमिटी आहे.
मी फक्त बघते,
सही करताना कुणाचं बोट ओळीवर थांबतं का.

या वर्षी अजून थांबलं नाही.
अठ्ठावीस दाखले उरलेत.
उकाडा मरणाचा, आणि पंखा कागद उडवतोय.
गठ्ठ्यावर ठेवायला काही नाही,
म्हणून मूठ ठेवलीये.